फूटपट्टीसाहेबांनी चाकं बाहेर काढली

गाडी आपली चांगली चालत होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे जे झालं त्यात त्या बिचाऱ्या निळ्या गाडीचा काडीइतकाही दोष नाही.

दोष द्यायचाच तर तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना द्यावा लागेल. रविवारची सकाळ. साहेब गाडी पुसत होते. पोस्टमास्तर हातात पेपर घेऊन आले, गाडीभोवती एक फेरी मारली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "साहेब, चाकं फार आत गेलीत हो तुमच्या गाडीची. कवळी काढल्यावर माणसाचे गाल जातात ना, तशी."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिना उतरत होते. ते थांबले, वाकले, आणि धंद्याच्या गांभीर्यानं म्हणाले, "खरंय. आधारच नाहीये."

आता साहेब म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. गल्लीत त्यांना फूटपट्टीसाहेब म्हणत, आणि तोंडावर म्हणत, कारण त्यांना ते आवडायचं. एखाद्या दुकानाचा तराजू चार ग्रॅमनं चुकला तर दुकानदारापेक्षा साहेबांच्याच जिवाला जास्त लागायचं. घरात भिंतीवरची घड्याळं, खिडक्यांचे पडदे, दोन खुर्च्यांमधलं अंतर, सगळं मोजून. गाडी धुवायची साहेबांनी आणि चालवायची बायकोनं, अशी वाटणी होती. बायको मोठ्या इस्पितळात मेट्रन. साहेबांकडे परवाना होता, पण ते पुढच्या गाडीपासून नियमानुसार अंतर ठेवायचे; त्या अंतरात कुणी घुसलं की त्याच्यापासून अंतर ठेवायला आणखी मागे राहायचे; असं करत करत एकदा ते निघाले होते तिथेच परत आले, असं मेट्रनबाई सांगतात. साहेब म्हणतात, अतिशयोक्ती आहे. बरंचसं अंतर गेलो होतो.

तर, त्या दिवसापासून साहेबांना गाडीत गाडी दिसेना, गाल दिसायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोरा आणि ओळंबा घेऊन मडगार्डच्या कडेपासून चाक किती आत आहे ते मोजलं. पुढे सतरा मिलिमीटर, मागे एकोणीस. वहीत आकृती काढली. मग मेव्हण्याला फोन केला. मेव्हण्याला गाड्यांतलं सगळं कळतं; त्याच्याकडे गाडी नाही, त्यामुळे ते ज्ञान अजून स्वच्छ राहिलेलं आहे.

"भाऊजी, स्पेसर टाका," मेव्हणा म्हणाला. "चाक आणि गाडीच्या मधे बसणारी चकती असते. चाक तेवढं बाहेर येतं. पंधराचे टाका. दहा मिनिटांचं काम."

"सुरक्षित असतं का?"

"नीट बसवलं तर."

नीट हा शब्द ऐकून साहेब सुखावले. नीट म्हणजे आपणच की!

पण साहेब सरकारी माणूस. गाडीत बदल करायचा तर परवानगी घेऊन. ते वाहन तपासणी केंद्रात गेले आणि तीन नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पाहिला.

"बदलाचं कारण काय लिहू?"

"दिसायला बरं."

"कुणाला?"

"गाडीला."

"तसं कारण छापलेलं नाहीये. स्थैर्य आहे, अवजड वाहतूक आहे, शारीरिक अडचण आहे. स्थैर्य लिहा. सगळे तेच लिहितात."

"मी खोटं लिहिणार नाही," साहेब ताठ होत म्हणाले. मागच्या रांगेतून कुणीतरी "वा!" म्हणालं. ते कौतुकानं म्हटलं नव्हतं, पण साहेबांनी ते तसं घेतलं.

"मग 'इतर'वर खूण करा आणि मागच्या बाजूला सविस्तर लिहा."

साहेबांनी सविस्तर लिहिलं. गालांचा उल्लेख टाळून दीड पान झालं. बाईंनी ते शांतपणे वाचलं, चष्म्यावरून एकदा साहेबांकडे पाहिलं आणि विचारलं, "बोल्ट आवळणार कशानं?"

"टॉर्क पान्यानं," साहेब उत्साहानं म्हणाले. "म्हणजे त्याच्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की पाना टक् वाजतो. कमी नाही, जास्त नाही."

"त्याचं प्रमाणपत्र?"

"कुणाचं?"

"वजनमापे खात्याचं. त्यांचं पत्र आणा, मग शिक्का."

साहेबांना हसू आवरेना. वजनमापे खातं! म्हणजे स्वतःच्या घरी जाऊन पाणी मागायचं. ते जवळजवळ गुणगुणतच ऑफिसात पोचले. तिथे त्यांना आठवलं की कोणत्याही निरीक्षकानं स्वतःच्या मालकीची वस्तू स्वतः तपासू नये, असा नियम आहे. तो नियम कडक व्हावा म्हणून वरती तीन पत्रं कुणी पाठवली होती, तेही आठवलं.

उरला कनिष्ठ निरीक्षक. अकरा वर्षं साहेबांनी त्याचे अहवाल समास चुकला म्हणून परत पाठवले होते. तो गरीब स्वभावाचा माणूस होता, आणि गरीब स्वभावाची माणसं फार काही विसरत नाहीत.

"टोकन सात," तो म्हणाला. समोर साहेब एकटेच बाकावर बसले होते.

"अरे, मीच आहे."

"अर्जदाराचं नाव 'मीच' असं दिसत नाहीये सर."

साहेबांनी अर्ज पुढे केला. कनिष्ठ निरीक्षकानं भिंग काढलं. सावकाश, खालच्या कोपऱ्यापर्यंत गेला.

"सही चौकटीबाहेर गेलीय."

"अर्धा मिलिमीटर!"

"सर, तुम्हीच शिकवलंत. चूक ती चूक, तिचा आकार बघायचा नाही."

साहेब घरी गेले. दुसऱ्या दिवशी चौकटीच्या आत, मुंगीएवढी सही करून आले. तेव्हा समजलं की अर्ज निळ्या शाईत चालत नाही. तिसऱ्या दिवशी काळ्या शाईत प्रमाणपत्र मिळालं. समास बरोबर, तारीख बरोबर, शिक्का सरळ, आकडा दशांशापर्यंत. ते बघून साहेबांना राग यायचा तो आलाच नाही. उलट ऊर भरून आला. अकरा वर्षांचे कष्ट फुकट गेले नव्हते. ते पत्र दाखवल्यावर तीन नंबरच्या खिडकीतला शिक्काही पडला.

रविवारी सकाळी आठ वाजता काम सुरू झालं. दहा वाजता मेट्रनबाईंना साहेबांच्या आईला घेऊन मावशीकडे जायचं होतं. मावशीचं गाव पन्नास किलोमीटरवर, हमरस्त्यानं. "तोपर्यंत होईल ना?" त्यांनी विचारलं होतं. "दहा मिनिटांचं काम," साहेब म्हणाले होते, आणि तरीही दोन तास हातात ठेवले होते.

पोस्टमास्तर स्टूल घेऊन आले. आयुष्यभर पार्सलं हाताळल्यामुळे कुठलंही पार्सल उघडायचा पहिला हक्क आपला, असं त्यांना वाटतं. त्यांनी स्पेसरचं खोकं उघडलं, चार चकत्या काढून मांडीवर ठेवल्या, तळाची एक छोटी जड पेटी बाजूला ठेवली. डॉक्टर चहाचा कप घेऊन कठड्याला टेकले. स्टूल मात्र डुगडुगत होतं. अशी डुगडुगणारी गोष्ट साहेबांना बघवत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ती छोटी पेटी उचलली, डोळा बारीक करून तिची उंची जोखली आणि स्टुलाच्या चौथ्या पायाखाली सरकवली. बरोब्बर बसली. पोस्टमास्तर स्थिर झाले.

पुढचं काम मात्र बघण्यासारखं होतं, हे कुणीही कबूल करेल. साहेबांनी हातब्रेक ओढला. चाकांना पुढूनमागून विटा लावल्या. सपाट जमीन पाणसळीनं तपासली. चाक काढल्यावर आतला गंज तारेच्या ब्रशनं असा घासला की डॉक्टर म्हणाले, "माझे पेशंट असे दात घासतील तर मी दुकान बंद करीन." चकतीच्या मधलं भोक व्हर्नियरनं मोजलं. चकती हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं त्या गोलावर, टेकवली, ती टोपीसारखी घट्ट बसली. कुठे फट नाही, कुठे हालचाल नाही.

"एका वेळी एकच चाक काढा," पोस्टमास्तरांनी सल्ला दिला. "चारही काढलीत तर गाडी राहत नाही, नुसता सोफा राहतो."

"आणि बोल्ट ओळीनं आवळू नका," डॉक्टर म्हणाले. "एक इकडचा, मग समोरचा. आम्ही तारा बांधतो तेव्हा तसंच करतो. नाहीतर जबडा एका बाजूला जातो."

साहेबांनी काढलेलेच बोल्ट परत घातले, समोरासमोर आवळले, जॅक उतरवला आणि प्रमाणित पाना लावला. एकशे वीसवर आकडा. साहेबांनी श्वास रोखला.

टक्.

असा गोड आवाज साहेबांनी आयुष्यात ऐकला नव्हता. वीस बोल्ट, वीस टक्. शेवटच्या दहाला पोस्टमास्तर आणि डॉक्टर मिळून मोजत होते आणि विसाव्याला दोघांनी टाळ्या वाजवल्या. चाकं मडगार्डला लागून अशी उभी राहिली, की गाडी पाच वर्षांनी लहान दिसायला लागली. साहेबांनी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलं. कुठेही घासत नव्हतं.

मेट्रनबाई आईंना हाताला धरून खाली आल्या.

"नीट बसलंय ना?"

"एकशे वीस. दशांशाला."

"मी नीट का म्हणून विचारलं. किती म्हणून नाही."

"अगं, प्रमाणपत्र आहे!"

मेट्रनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं आणि गाडी चालू केली. आईंनी मागच्या काचेतून हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

साहेब आवराआवर करू लागले. पोस्टमास्तर उठले, स्टूल उचललं. साहेबांनी ती छोटी पेटी घेतली. हातात जड लागली. त्यांनी ती सहज उघडली.

आत वीस नवे कोरे बोल्ट होते.

साहेबांनी एक बोल्ट काढून व्हर्नियरमध्ये धरला. मग वही उघडून जुन्या बोल्टची लांबी पाहिली. वजाबाकी केली. पंधरा. परत केली. पंधराच. चाक पंधरा मिलिमीटर बाहेर आलं, तर बोल्टही तेवढाच लांब लागणार, हे एवढं सोपं होतं की पेटीवर ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. फक्त ती बाजू खाली होती आणि वर पोस्टमास्तर होते.

"काय झालं हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"जुन्या बोल्टांचं नुसतं टोक अडकलेलं असणार," साहेब म्हणाले. "चार चाकं टोकांवर आहेत. आणि आत आई आहे. आणि ही आहे."

त्यांनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. गाडी चालवताना मेट्रनबाई फोन घेत नाहीत. ही शिस्त घरात साहेबांनीच लावली होती.

डॉक्टरांनी स्कूटर काढली. साहेब मागे बसले. एका हातात बोल्टांची पेटी, दुसऱ्या हातात खांद्यावर टाकलेला हातभर लांब टॉर्क पाना. तो का घेतला, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. "मी पायी येतो!" पोस्टमास्तर मागून ओरडले, जणू कुणी त्यांना बोलावलंच होतं.

डॉक्टर स्कूटर चालवतात तीही दात काढल्यासारखी, हळूहळू, दुखणार नाही अशी. "जोरात, डॉक्टर!" साहेब ओरडत होते. रस्त्यात निळी गाडी दिसली की पाना हवेत उंच करून "थांबा! थांबा!" म्हणत होते. दोन निळ्या गाड्या थांबायच्या ऐवजी जास्तच जोरात पळाल्या. साहेबांच्या डोळ्यांपुढे हमरस्ता होता, आणि त्यावरून एकटंच घरंगळत जाणारं एक चाक. त्यांनी घशाला कोरड पडेपर्यंत स्वतःला शिव्या दिल्या. वजनं मोजली, मापं मोजली, मडगार्ड मोजलं, स्टूलसुद्धा मोजलं!

चौकात वाहतूक पोलिसानं स्कूटर अडवली.

"हे हत्यार कसलं?"

"हत्यार नाही, पाना आहे! प्रमाणित आहे! सोडा मला!"

साहेबांनी खिशातून प्रमाणपत्र काढून दिलं. पोलिसानं ते घेतलं आणि वाचू लागला. इतका सुबक कागद त्याच्या हातात क्वचितच येत असावा. तो पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत गेला.

"हे अचूक आहे, असं लिहिलंय."

"हो!"

"मग एवढे घाबरलात कशाला?"

साहेबांनी पोलिसाची बाही धरली. मग रडवेल्या आवाजात म्हणाले, "एक निळी गाडी गेली का हो इकडून? मागे एक म्हातारी बाई, पांढरे केस…"

"त्या का?" पोलिसानं त्या प्रमाणपत्रानंच रस्त्यापलीकडे दाखवलं. "त्या काय, टायरच्या दुकानात. मगाचपासून चहा पितायत."

साहेबांनी रस्ता कसा ओलांडला ते डॉक्टरांना विचारा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दुकानात गाडी जॅकवर चढलेली होती. आई दोन टायरांच्या थप्पीवर आरामात बसून बशीतून चहा पीत होत्या. मेट्रनबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. आणि दुकानाच्या मालकीणबाई, काळ्या हातांच्या, तोंडात दोन सुया धरणाऱ्या शिंप्यासारख्या तोंडात टॉर्च धरून, चाकाआड वाकल्या होत्या.

"दुसऱ्या वळणाला स्टिअरिंग थरथरलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "माणसाची नाडी अशी लागली तर मी त्याला घरी सोडत नाही. गाडीला कसं सोडणार?"

मालकीणबाईंनी टॉर्च काढला आणि एक जुना बोल्ट साहेबांपुढे धरला. बोल्ट अंगभर गंजलेला. फक्त टोकाचे तीन आटे घासून चकचकीत झाले होते.

"बघा. तीन आट्यांवर आले हे लोक इथवर. कुणी बसवलंय हे? मी ताईंना विचारलं तर म्हणतात, आहे एक ओळखीचा माणूस."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती दुकानावरची पाटी वाचत होती. दारात डॉक्टर हेल्मेट काढत होते, आणि पोस्टमास्तर धापा टाकत येऊन पोचले होते. खरं तर गप्प बसता आलं असतं. मालकीणबाईंना कोण सांगणार होतं? पण आईंच्या हातातली बशी बघितली आणि साहेबांना ते जमेना.

"मी बसवलं," ते म्हणाले. "मीच."

"आवळताना बोल्ट किती फेरे आत गेला, ते मोजलं होतं?"

डॉक्टर हातातलं हेल्मेट न्याहाळू लागले. पोस्टमास्तरांनीसुद्धा खाली पाहिलं. वजनमापे खात्याच्या निरीक्षकाला, शेजाऱ्यांदेखत, मोजलं होतं का असं विचारलं गेलं होतं.

"नाही," फूटपट्टीसाहेब म्हणाले.

"मग आता मोजा," मालकीणबाई म्हणाल्या, आणि पाना त्यांच्याच हातात दिला. "हातानं फिरवा, तोंडानं मोजा. सातच्या आत थांबला तर चालणार नाही. आणि फार लांब होऊन आत ब्रेकला लागला तरी नाही. तुमचा टक् शेवटी. टक् म्हणजे बोल्ट घट्ट झाला एवढंच. कशात घट्ट झाला, ते तो सांगत नाही."

साहेबांनी पँटचा विचार न करता फरशीवर गुडघे टेकले. नवा बोल्ट लावला. "एक," ते म्हणाले. "दोन. तीन." चौथ्याला आई सामील झाल्या, पाचव्याला डॉक्टर. तेराव्या फेऱ्याला बोल्ट बसला. असे वीस बोल्ट. मधल्या काळात टायरमध्ये हवा भरायला आलेली दोन माणसंही मोजू लागली, आणि एकदा साहेब सहावरून चुकून आठवर गेले तेव्हा सगळं दुकान "सात!" म्हणून ओरडलं. सगळे बसल्यावर मालकीणबाईंनी प्रत्येक चाक हातानं फिरवून, कान लावून ऐकलं. आत काही घासत नव्हतं.

"आता शंभर किलोमीटर झाले की परत यायचं," त्या म्हणाल्या. "नवी वस्तू जागेवर बसते, तेव्हा एकदा आवळून बघावी लागते. मी सहापर्यंत आहे."

पन्नास जायचे आणि पन्नास यायचे. साहेब पुढच्या सीटवर जाऊन बसले, पाना मांडीवर घेऊन.

दहा किलोमीटर झाल्यावर ते म्हणाले, "जरा थांबवतेस? बघतो."

मेट्रनबाईंनी थांबवली. साहेबांनी उतरून वीसही बोल्टांना हात लावला. वीस किलोमीटरवर परत. तिसाव्यावर परत. पस्तिसाव्यावर मेट्रनबाईंनी रस्त्याकडेला गाडी उभी करताना इंजिन बंद केलं नाही. साहेब मागच्या चाकाशी वाकले आणि चाक निघून गेलं. गाडी दहा पावलं पुढे जाऊन उभी राहिली.

साहेब गडबडीनं चालत गेले, वाकले. गाडी परत दहा पावलं पुढे.

"अगं!" साहेब ओरडले.

काच खाली झाली. "चाक फिरतंय का, ते बघत होते," मेट्रनबाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या. "फिरतंय."

आतून एक आवाज यायला लागला. साहेबांना आधी वाटलं, बेअरिंग गेलं. पण ती आई होती. आई हसत होत्या, पदर तोंडावर धरून, पुढच्या सीटला धरून, डोळे पुसत. "परत, परत एकदा," त्या सुनेला सांगत होत्या. साहेबांनी आईला असं हसताना कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना. ते चिडायच्या तयारीत होते, तोंड तसं केलंही होतं. पण हमरस्त्याच्या कडेला, पँटला ग्रीस, हातात पाना, समोर आपलीच गाडी आपल्यापासून पळतेय, हे त्यांना एकदम दिसलं. मग तेही हसायला लागले आणि गाडीच्या मागे खरंच धावले. त्यानंतर मावशीच्या दारापर्यंत ते एकदाही उतरले नाहीत.

परत आल्यावर मालकीणबाईंनी वीसही बोल्ट तपासले. टक्, टक्, टक्. एकही हलला नव्हता.

"किती झाले किलोमीटर?" त्यांनी वहीत लिहायला पेन्सिल काढली.

मेट्रनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. डॅशबोर्डवर आकडा दशांशासकट दिसत होता. साहेब आईंना हात देऊन गाडीतून उतरवत होते. त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"असतील की," ते म्हणाले. "शंभरएक."